दोन राजीनामे

“सिस्टर, राजीनामा कर लीजिए,” डॉक्टर मसीह म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

मी कपाला हात लावला नाही. माझ्या डाव्या गालावर अजून सूज होती. उमटलेली बोटं आता काळीनिळी पडत चालली होती. व्हरांड्यातून जाता-येता बायका पदराआडून माझ्या गालाकडे बघायच्या. ज्यानं हे केलं तो बाजारात मोकळा हिंडत होता, आणि राजीनामा कुणी द्यायचा, तर मी.

“मैं राजीनामा नहीं देगी,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. सज्जन माणूस. वय झालेलं, आवाज कधी चढायचा नाही.

“सोच लीजिए. इसमें अस्पताल का भी भला है, आपका भी. चौधरीजी राजी हैं. पेशी के दिन लिखकर दे देंगे, आपको सिर्फ दस्तखत करने हैं.”

म्हणजे माझा राजीनामा लिहायचं कामसुद्धा तेच करणार होते. मी खुर्ची मागं सारली आणि उठले. चहावर साय धरली होती.

साल त्र्याऐंशी. मी एस्तेर साळवे, गाव श्रीरामपूरजवळ, नर्सिंग मिरजेचं. बुंदेलखंडातल्या मढियागंजच्या मिशन दवाखान्याला बाळंतपणाची नर्स हवी आहे, असं आमच्या पाळकसाहेबांनी चर्चमध्ये सांगितलं आणि मी हात वर केला. शमुवेलदादा, माझा थोरला भाऊ, आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. “मिरजेत काय बाळंतिणी संपल्या का?” एवढंच एकदा म्हणाला. मी पेटी भरली आणि निघाले.

हिंदी येतं असं मला वाटायचं. सिनेमे पाहिले होते की! पण पहिल्याच दिवशी मेट्रन मिसेस लाल म्हणाल्या, “तीन नंबर का पलंग खाली है,” आणि मी वाकून तीन नंबरच्या पलंगाखाली बघायला लागले. वॉर्डातल्या बायका हसून हसून आडव्या झाल्या. पुढच्या आठवड्यात तापानं फणफणलेल्या पोरीचा बाप हात जोडून म्हणाला, “हमने बहुत चेष्टा की, सिस्टर.” मी त्याच्यावर असली तडकले! पोरगी डोळे फिरवतेय आणि हा चेष्टा केली म्हणून सांगतो. मागाहून मिसेस लालनी सांगितलं की तो बिचारा खूप प्रयत्न केले असं म्हणत होता. असं व्हायचं. मी शिकत होते.

थप्पड बसली ती चैतातल्या दुपारी.

आमच्या लेबर रूममध्ये टेबल एकच. त्यावर गेंदा होती, दगडाच्या खाणीवर काम करणारी पोरसवदा बाई, पहिलटकरीण. सकाळपासून तिनं दात-ओठ खाऊन कळा सोसल्या होत्या आणि आता बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं. एवढ्यात बाहेर जीप थांबली. नन्हेभैया आला, बसमालक चौधरींचा मुलगा. सोबत त्याची बायको आणि चार-पाच माणसं. मी बायकोला बाहेरच्या बाकावर तपासलं. कळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. अजून बराच अवकाश होता.

“इसको टेबल पे लो,” नन्हेभैया म्हणाला.

“टेबल पे दूसरी है,” आया म्हणाली.

त्यानं मला बाजूला सारून आत डोकावलं. गेंदा दिसली. तिचं फाटकं लुगडं, पायांवरची खाणीची पांढरी धूळ, सगळं त्याला दिसलं.

“इसको उतारो नीचे. जमीन पे कर लेगी. इनके यहां जमीन पे ही होता है.”

मी काही बोलले नाही. बोलायला वेळच नव्हता. मी दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावून उभी राहिले आणि मान हलवली. तेव्हा त्यानं मारलं. कानात घंटा वाजल्यासारखं झालं. टोपी उडून पडली. आया बघत होती, वॉर्डबॉय बघत होता, टेबलावरून गेंदा बघत होती. मी दार लावून घेतलं, आतून कडी घातली आणि तिच्या पायांशी जाऊन उभी राहिले.

“जोर लाव,” मी तिला मराठीतच म्हणाले. तिनं लावला. मुलगा झाला.

मग टेबल धुतलं आणि नन्हेभैयाच्या बायकोला आत घेतलं. संध्याकाळी तिलाही मीच मोकळी केली. ती माझ्या गालाकडे बघत होती आणि कळ आली की माझंच मनगट घट्ट धरत होती.  मुलगी झाली, चांगली ठणठणीत. बाळ तिच्या कुशीत देऊन मी हात धुतले आणि तशीच, डागांच्या ॲप्रनवर, पोलीस ठाण्यात गेले.

ठाण्यातल्या मुन्शीनं नाव ऐकलं आणि लेखणी खाली ठेवली. “बडे लोग हैं, सिस्टर.” मी समोरच्या बाकावर बसून राहिले. तो जेवून आला तरी मी तिथंच. शेवटी त्यानं तक्रार लिहून घेतली.

केस उभी राहिली तशी माणसं बसायला लागली. आया म्हणाली, मी तेव्हा पाणी भरत होते. वॉर्डबॉय म्हणाला, मी तिथं नव्हतोच. उरली गेंदा. तिचा नवरा माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला, आमचं नाव घालू नका म्हणून. गेंदा पलंगावरून त्याच्या पाठीला म्हणाली, “हमने देखो है. हम कैहें.” मी पाहिलंय, मी सांगणार.

चौधरींनी मग बस बंद केली. दवाखान्याच्या रस्त्यानं त्यांच्याच बसेस जायच्या. त्या आता नाक्यावरूनच वळायला लागल्या. पोटुशा बायका उन्हात नाक्यापासून चालत यायच्या. एकीला वाटेतच दुखायला लागलं, तिला बैलगाडीतून आणावं लागलं. तेव्हा डॉक्टर मसीहांनी मला पुन्हा बोलावलं.

“आपण इथं मूठभर माणसं आहोत, सिस्टर,” ते हिंदीत सावकाश, मला समजावं म्हणून, बोलत होते. “दवाखाना बंद पडला तर या तहसिलीत बायकांनी जायचं कुठं? तुमच्या एका दस्तखतानं सगळं पूर्ववत होईल. राजीनामा कर लीजिए.”

“मैंने क्या गलत किया?”

“कुछ नहीं. गलत आपने कुछ नहीं किया.”

“तो फिर?”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला त्यांची कीव आली आणि कीव आली म्हणून जास्तच राग आला.

मिसेस लाल संध्याकाळी खोलीवर आल्या. केसांना तेल लावून देते म्हणाल्या. माझ्यामागे बसून भांग पाडता पाडता हळूच म्हणाल्या, “राजीनामे में कोई शरम नहीं है, बेटी. मैंने भी एक बार किया था. देखो, आज मेट्रन हूं.”

मला अर्थ लागेना. राजीनामा दिला आणि तरी मेट्रन? दिला असेल, परत घेतलं असेल. मी म्हणाले, “तुम्हाला परत घेतलं म्हणून मलाही घेतील असं नाही.” मराठीतच पुटपुटले. त्यांना ते कळलं नाही. त्यांनी वेणी घट्ट बांधली आणि गेल्या.

मी ठरवून टाकलं होतं. हाकलायचं असेल तर हाकला. पण मी माझ्या हातानं लिहून देणार नाही. रात्री अंथरुणावर पडलं की हेच डोक्यात फिरायचं. लेबर रूम मी सोडायची आणि त्यानं जीपमधून फिरायचं? जाते म्हणून सही करायची? मेले तरी नाही.

डॉक्टरांनी मला न सांगता घरी तार केली होती. पेशीच्या, म्हणजे कोर्टातल्या तारखेच्या, आधल्या दिवशी शमुवेलदादा दारात उभा. तीन गाड्या बदलून आला होता, डोळे तांबारले होते. हातात आईनं दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. माझ्या गालावर आता नुसता पिवळट डाग उरला होता. तोही त्यानं बरोबर हेरला. बरणी खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. खांदे हलत होते.

“दादा, बस. पाणी देते.”

“पेटी भर,” तो म्हणाला.

“का?”

“का म्हणून काय विचारते, एस्तू? परमुलखात येऊन मार खायचा आणि वर कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या? दे राजीनामा नि चल घरी.”

“तूही तेच म्हण.”

“कोण कोण म्हणतंय मग? म्हणजे अक्कल असलेला मी एकटाच नाही.”

दुपारी तो डॉक्टरांना भेटला. मी दाराशी उभी होते. दादाचं हिंदी माझ्याहून धन्य.

“आप समझाइए,” डॉक्टर म्हणाले. “राजीनामा हो जाए तो सबके लिए अच्छा.”

“हां, हां! राजीनामाच अच्छा है साहब. मेरा भी वोही मत है. मैं उसको लेके जाता हूं.”

“ले जाइए, जरूर ले जाइए. कुछ दिन मां के पास रहेगी तो मन शांत होगा.”

दोघं उठले. दोघांनी एकमेकांचे हात हातात घेतले. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू दिसलं. बाहेर येऊन दादा म्हणाला, “चांगला माणूस आहे गं. उद्याच सही कर म्हणतो. गाडीची वेळ बघून ठेवतो.”

“मी सही करणार नाही.”

“एस्तू, तुझ्यापुढे हात जोडतो.”

“जोडू नको. पाहिजे तर दुसऱ्या गालावर एक तूही मार. पण नोकरी मी सोडणार नाही.”

त्या दिवशी तो जेवला नाही. मीही नाही.

कोर्ट म्हणजे तहसिलीच्या आवारातली एक लांबडी खोली. वर पंखा होता, तो वारा कमी आणि आवाज जास्त करायचा. एका बाजूला नन्हेभैया, पांढराशुभ्र झब्बा, तोंडात पान. शेजारी त्याचा वकील. दुसऱ्या बाजूला मी, दादा आणि डॉक्टर मसीह. दाराच्या कोपऱ्यात गेंदा भुईवर बसली होती, बाळ पदराखाली. तिचा नवरा आला नव्हता. ती नाक्यापलीकडच्या वस्तीवरून एकटीच चालत आली होती.

वकील उठला. “हुजूर, इस मामले में राजीनामा पेश है.” आणि एक लिहिलेला कागद पुढं केला.

मॅजिस्ट्रेट मध्यम वयाचे, टक्कल पडलेले, थकलेल्या डोळ्यांचे. त्यांनी कागद न वाचताच माझ्याकडे पाहिलं.

“सिस्टर, आप अपनी मर्जी से राजीनामा कर रही हैं?”

मी उभी राहिले. 

“नहीं साहब. सब लोग बोलते हैं, लेकिन मैं नहीं करेगी. मार मैंने खाया, और नोकरी भी मैं छोडेगी? मैं नोकरी नहीं छोडेगी.”



“नौकरी?” मॅजिस्ट्रेट म्हणाले. “नौकरी छोडने की बात किसने की?”

“ये सब लोगों ने. राजीनामा दो, राजीनामा दो.”

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडत गेला. “आप महाराष्ट्र की हैं?” त्यांनी विचारलं, आणि माझ्या होकारानंतर एकदम मोडक्यातोडक्या मराठीत बोलायला लागले. “मी बऱ्हाणपूरला होतो ना, मला माहीत आहे. सिस्टर, तुमच्याकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडून देणे. इथे तसं नाही. इथे राजीनामा म्हणजे समझोता. दोन्ही बाजू राजी झाल्या, भांडण मिटलं, असं लिहून देणे. शब्द एकच आहे, फारसीतून आलेला. तुमच्याकडे पूर्वी शेतकरी जमीन सरकारला सोडायचा तेव्हा राजीनामा लिहून द्यायचा. म्हणून तिकडे तो सोडण्याचा झाला. इकडे मिटवण्याचाच राहिला.”

मग त्यांनी तेच हिंदीत सगळ्यांना सांगितलं. आणि कोर्ट हसलं. वकील हसला, पट्टेवाला हसला, दारातली माणसं हसली. डॉक्टर मसीहांनी कपाळावर हात मारून घेतला.

“अरे बेटी! हम तुमको निकालेंगे? तुम्हारे बगैर लेबर रूम कौन देखेगा?” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दादा मात्र हसला नाही. “म्हणजे हे तुला इथंच ठेवणार?” तो माझ्या कानाशी कुजबुजला. “मग मी काल कशाला हो म्हणालो?”

 मी समोरचा कठडा धरला. नोकरी जाणार नव्हती. जाणारच नव्हती कधी. इतके दिवस मी ज्याच्याशी भांडत होते, ते कुणी मागितलंच नव्हतं. डॉक्टर, मिसेस लाल, सगळ्यांशी मी तुटक वागले होते. इतकं हलकं वाटलं की मीसुद्धा हसले. खरंच हसले.

“तो अब?” मॅजिस्ट्रेट म्हणाले. “अब तो राजीनामा करने में कोई हर्ज नहीं?”

सगळे माझ्याकडे प्रेमानं बघत होते. तेवढ्यात नन्हेभैयानं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं, हात जोडले आणि हसत हसतच म्हणाला, “हो गई गलती, सिस्टरजी. चलिए, खतम.”

माझं हसू तोंडातच राहिलं.

“साहब,” मी म्हणाले, “उसमें क्या लिखा है, पढेंगे?”

मॅजिस्ट्रेटनी कागद उचलला. पहिल्यांदाच वाचत असावेत. दोन्ही पक्षांत ‘मामूली कहासुनी’ झाली होती, आता कुणाची कुणाविरुद्ध तक्रार नाही, अशी तीन-चार वाक्यं होती.

“कहासुनी म्हणजे काय, साहेब?” मी मराठीतच विचारलं. आता कुठल्याही शब्दावर विश्वास उरला नव्हता.

“बोलाचाली,” ते म्हणाले. “दोघं एकमेकांना बोलले.”

“मी तर बोललेच नाही.”

“काय?”

“मी एक शब्द बोलले नाही, साहेब. दारात उभी राहिले. ह्यानं मारलं. मी दार लावून घेतलं. ह्यात बोलाचाली कुठं आली? आणि ती?” मी गेंदाकडे हात केला. “तिला टेबलावरून खाली उतरवा म्हणाला, बाळाचं डोकं बाहेर येत असताना. ते कुठं लिहिलंय?”

मॅजिस्ट्रेटनी कागद उलटून पाहिला. मागं काही नव्हतं.

“सिस्टर,” डॉक्टर मसीह मागून हळू आवाजात म्हणाले, “बस चालू हो जाएगी. सोचिए, वो औरतें...”

मी सोचलं. खोटं कशाला सांगू, नाक्यापासून उन्हात पाय ओढत येणाऱ्या बायका डोळ्यांसमोर आल्या. मी गेंदाकडे पाहिलं. तिला आमचं बोलणं किती कळलं होतं देव जाणे. ती उठून उभी राहिली होती आणि बाळाला एका हातावरून दुसऱ्या हातावर घेत होती. बोलावलं तर लगेच पुढं यायच्या तयारीनं.

“राजीनामा नहीं, साहब,” मी म्हणाले. आवाज मोठाच निघाला. “आपवाला भी नहीं, हमारावाला भी नहीं.”

यावेळी कुणी हसलं नाही. वकील काहीतरी बोलू लागला. मॅजिस्ट्रेटनी हात वर करून त्याला थांबवलं, तो कागद घडी करून त्याच्याकडे परत दिला आणि पेशकाराला, कोर्टाच्या कारकुनाला, म्हणाले, “गवाही लिखो.”

मी सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं. मग गेंदा. वकिलानं तिला विचारलं, तुला तर कळा येत होत्या, तुला काय दिसणार? ती म्हणाली, कळा पोटात येतात, डोळ्यांत नाही.

बाहेर आवारातल्या लिंबाखाली दादा पिशवी घेऊन उभा होता. डॉक्टर मसीह आमच्याशी न बोलता सायकल घेऊन निघून गेले. त्यांची पाठ मला फार म्हातारी दिसली.

“मी जातो,” दादा म्हणाला. “गाडी आहे.”

“जेवून जा.”

“नको.” तो थोडा वेळ चपलेनं माती उकरत राहिला. “आईला काय सांगू?”

“सांग, एस्तूनं राजीनामा दिला नाही.”

“कुठला?” तो म्हणाला, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसला.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. डॉक्टर कामापुरतं बोलायचे. मिसेस लाल वेणी घालायला आल्या नाहीत. बस नाक्यावरूनच वळत राहिली आणि बायका चालत येत राहिल्या. संध्याकाळी ड्यूटी संपली की मी नाक्यावर जाऊन बसायची. कुणी अवघडलेली दिसली की तिची पिशवी घ्यायची आणि बरोबर चालायची. पावसाळ्यानंतर दुसऱ्या कुणीतरी त्या रस्त्यावर टेम्पो सुरू केला. तो भरभरून जायला लागला, तेव्हा चौधरींची बसही मुकाट्यानं दवाखान्यापाशी थांबू लागली. 

निकाल लागला तो थंडीत. दंड, आणि अदालत उठेपर्यंतची सजा. म्हणजे कोर्टाचं त्या दिवसाचं काम संपेपर्यंत गुन्हेगारानं तिथंच बसून राहायचं, हलायचं नाही. ऐकून वकिलानं सुटकेचा श्वास टाकला. एवढीच शिक्षा, असं त्याला वाटलं असणार. मलाही आधी तसंच वाटलं.

पण मढियागंज लहान गाव. चौधरींचा मुलगा कोर्टात बसवून ठेवलाय ही बातमी बाजारात पोचायला कितीसा वेळ लागणार? माणसं कसलं ना कसलं निमित्त काढून यायची, दारातून डोकवायची आणि जायची. बसचे कंडक्टर आले. भाजीवाल्या आल्या. खाणीवरच्या बायका घोळक्यानं आल्या आणि दाराबाहेर उकिडव्या बसून राहिल्या. नन्हेभैया भिंतीलगतच्या बाकावर बसला होता. पान थुंकायलाही त्याला उठता येईना. दुपारी तो एकदा अर्धा उठला. पेशकारानं मान वर न करताच “बैठिए” म्हटलं. तो बसला.

मी समोरच्या बाकावर होते. माझं तिथं काही काम उरलेलं नव्हतं. रजा अर्ध्या दिवसाचीच होती, ती केव्हाच संपली होती. पण कोर्ट उठेपर्यंत मी जाणार नव्हते. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

मला कडकडून भूक लागली होती. मी डबा उघडला आणि त्याच्यासमोर बसून सावकाश जेवले.